बॅगांचा बाक

"ग्रंथपाल मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसता का? आता ठरावाचा विषय आहे."

प्राचार्य हे म्हणाले तेव्हा माझ्या हातात खुर्ची होती. इतिहासाचे सुर्वे सर उशिरा आले होते, उभे होते. त्यांच्यासाठी मी ती काउंटरमागून आणत होते. माझीच खुर्ची.

आमच्या कॉलेजात एवढी मोठी खोली दुसरी नाही, म्हणून प्राध्यापकांची सभा ग्रंथालयाच्या वाचनकक्षात भरते. कुलूप मी उघडते. पंखे मी लावते. वाचत बसलेल्या मुलींना मीच उठवते आणि त्यांच्या खुर्च्या ओढून गोल मांडते. मग काउंटरमागे माझं काम करत बसते. सभा चालू असते, मी तिथेच असते, कुणाची काही अडचण नसते. कपाटं असतात तशी मी.

त्या दिवशी अडचण झाली.

खुर्ची सुर्वे सरांना दिली. ते "थँक्यू" म्हणाले. मी पर्स उचलली, बाहेर आले. दारही मीच ओढून घेतलं, वऱ्हांड्यातल्या पोरांचा गलका आत जायला नको म्हणून. इतकी मी शहाणी.

बाहेर एक बाक आहे. ग्रंथालयात बॅग न्यायला बंदी, म्हणून पोरं त्या बाकावर बॅगा टाकून आत येतात. सभेमुळे तो रिकामा होता. बॅगा ठेवतात तिथे मी बसले.

थोड्या वेळाने गोविंदमामा चहाचा ट्रे घेऊन आले. हे आमच्या ग्रंथालयाचे परिचर, माझ्याही आधीपासून इथे आहेत. मला बघून थबकले.

"मॅडम, तुमी भायेर बसलाव?"

"हो. आत ठराव आहे."

"मग मी जाव का नको?"

"तुम्ही जा. चहा निवेल."

दार उघडलं, पंख्यांचा आवाज आला, आत कुणीतरी हसलं, दार मिटलं. चहा नेणाऱ्याला आत वाट होती, मला नव्हती. मामांचा मानसुद्धा त्यात नव्हताच. आत ट्रे जात होता, त्याला धरून मामा. रिकामा ट्रे घेऊन ते परत आले आणि एक कप माझ्यापुढे धरला. "घ्या वो. तुमचा धरूनच सांगितलेला." मी कप घेतला आणि बाकावर शेजारी ठेवला.

उठून सरळ घरी जावं, तर किल्ली माझ्याकडे. सभा संपली की कुलूप मीच लावायचं. एक पुस्तक इकडचं तिकडे झालं तरी जबाबदार मी. आत जायची सोय नाही, निघून जायची सोय नाही. बसा.

असं बसणं मला नवीन नव्हतं.

आमचं गाव खेडच्या आत, जगबुडी नदीच्या वरच्या अंगाला. वडील मुंबईला. आंब्याच्या दिवसांत आई एका बागायतदाराकडे पेट्या भरायला जायची, मी सोबत. दुपारी त्यांची माणसं ओटीवर पंख्याखाली, आम्ही खाली अंगणात, खळ्यात. एकदा ओटीवर वर्तमानपत्र पडलेलं दिसलं आणि मी पायरी चढले. मला तेवढंच वाचायचं होतं. मालकीणबाई ओरडल्या नाहीत. गोड आवाजात म्हणाल्या, "खाली बस हो, खाली बरं वाटतं." आईने दंडाला धरून मला ओढलं आणि घरी जाताना बजावलं, "बोलवल्याबिगर पायरी चढाची नाय हां, बाये." आईला मी दोष देत नाही. तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच जायचं होतं.

मी शिकले ती त्या पायरीच्या रागानेच शिकले. पदवी, मग ग्रंथालयशास्त्र, मग नेट. नेमणूक झाली तेव्हा आई म्हणाली, आता तुला कोण खाली बसवतो ते बघते. बसवलं गं आई. फक्त "मॅडम" म्हणून बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्यांनी बोलावलं.

"वाचनकक्षाचा ठराव झालाय. मूल्यांकन समिती येणार, आणि आपल्याकडे धड सभागृह नाही. वाचनकक्षाचं सभागृह करू. एसी, पडदा, चांगल्या खुर्च्या. मुलांनी पुस्तकं घरी न्यावीत."

"सर, मला विचारलं नाही."

"अहो, एकमताने झालाय," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "एकाचाही विरोध नव्हता."

एकमताने. तोवर मला नुसतं लागलं होतं. हा शब्द ऐकला आणि राग आला.  विरोध करणारीला बॅगांच्या बाकावर बसवायचं, दार लावायचं आणि मग मोजायचं, विरोध कुणाचाच नाही.

पुस्तकं घरी न्यावीत म्हणे. कुठल्या घरी? आमच्या मुली लांजा, पाली, संगमेश्वरकडच्या आतल्या वाड्यांतून येतात. तास दुपारीच संपतात आणि त्यांची वस्तीची एसटी लागते दिवेलागणीला. मधला सगळा वेळ त्या वाचनकक्षात असतात. सुवर्णा म्हणून एक आहे, शेवटच्या वर्षाची. घरी पाऊल टाकलं की गुरं, भांडी, धाकटी भावंडं. तिचा सगळा अभ्यास खिडकीजवळच्या त्या एका टेबलावर होतो. बातमी फुटल्यावर ती काउंटरशी आली.

"मॅडम, मग आम्ही गाडीपर्यंत कुठे बसायचं?"

मी म्हटलं, बघू.

"स्टँडवर नाही बसता येत मॅडम. पोरं टवाळकी करतात. घरी कळलं तर कॉलेजच बंद करतील."

मी पुन्हा म्हटलं, बघू. काय बघणार होते? मीच बाहेर बसून आलेली.

तरी हातपाय हलवले. समाजशास्त्राच्या नीलिमा मॅडमकडे गेले. वंचितांच्या आवाजावर त्यांनी निबंध लिहिलाय, त्याचे संदर्भ मीच काढून दिले होते. त्या सभेत होत्या. मला उठवलं तेव्हा माझ्याकडे बघून हसल्या होत्या, कुणाच्या पायावर चुकून पाय पडला की हसतो तसं. म्हणाल्या, "अगं, तांत्रिक बाब आहे ती. तू कशाला मनाला लावून घेतेस?"

ऑफिसात गेले. हेडक्लार्क म्हणाले, "मॅडम, आमच्या संघटनेत तुमचा प्रश्न कसा घेणार? तुम्ही शिक्षकांतल्या."

शिक्षक म्हणतात तुम्ही ऑफिसातल्या, ऑफिस म्हणतं तुम्ही शिक्षकांतल्या. धड ना इकडची, धड ना तिकडची. परीक्षा आली की सुपरव्हिजनला माझं नाव शिक्षकांत. प्रवेशाच्या गर्दीत फॉर्म तपासायला शिक्षकांत. काम असलं की शिक्षक, मत असलं की शिक्षकेतर. कायद्यात ग्रंथपाल शिक्षकांतच धरलाय, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही. पण कायदा आमच्याकडच्या बाप्यांसारखा आहे. मुंबईला असतो. शिमग्या-गणपतीला आला तर आला.

सोडून जावं म्हटलं, तर जाणार कुठे? मराठीच्या सरांना दुसरे मराठीचे सर असतात, बसून कुढायला तरी सोबत असते. ग्रंथपाल एका कॉलेजात एकच. दुसरीकडची जागा रिकामी झाली तर वर्षानुवर्षं भरत नाहीत. नवराही मुंबईला नोकरीला. फोनवर म्हणाला, "नडू नकोस. पगार वेळेवर होतोय ना?" त्याचंही खोटं नव्हतं. चहूकडून दारं लावलेली आणि सगळ्या दारांशी माणसं गोड बोलणारी. ओरडायचं तरी कुणावर?

महिन्याभराने पुढची सभा लागली. पुन्हा वाचनकक्षातच, कारण सभागृह अजून व्हायचं होतं.

सभेत पहिला विषय नेहमी एकच. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. प्राचार्य ते वाचतात, "काही हरकत?" म्हणतात आणि त्याच श्वासात पुढच्या विषयावर जातात. देवळापुढून जाताना घंटा वाजवावी तसं. कुणी हरकत घेतलेली मी कधी ऐकली नव्हती. पण ते कायम होईपर्यंत ठराव पक्का होत नाही. हे मी काउंटरमागे बसूनच शिकले होते. कपाटालाही कान असतात.

त्या दिवशीही खुर्च्या मीच मांडल्या. एक जास्त मांडली. सगळे आले, बसले, आणि मी त्या जास्तीच्या खुर्चीत जाऊन बसले.  

प्राचार्यांनी बघितलं. "मॅडम, काउंटरवर काही काम नाही का?"

"आहे, सर. नंतर करीन."

त्यांनी वाचायला घेतलं. वाचनकक्षाचा ठराव आला, "एकमताने मंजूर" आलं. "काही हरकत? नाही. पुढचा वि..."

"माझी हरकत आहे."

आवाज फाटला. कुणाला नीट कळलं नसावं म्हणून पुन्हा म्हटलं. "सर, माझी हरकत आहे."

सुर्वे सर माझ्याकडे वळले. मागच्या सभेत मी दिलेल्या खुर्चीत बसले होते ते, तेच. "मॅडम, तुम्हाला मत नाही. तुम्ही शिक्षक नाही."

"सुपरव्हिजनला शिक्षक असते ना, सर?"

"तो विषय वेगळा."

प्राचार्य म्हणाले, "वाद नको. मॅडम, तुम्ही बाहेर बसा, आपण नंतर सविस्तर बोलू."

तेच शब्द. तोच गोडवा. मला खळं आठवलं. दंडावर आईची बोटं जाणवली, खरंच जाणवली.

"मी बाहेर बसणार नाही," मी म्हटलं. "मागच्या वेळी बसले. मी बाहेर होते म्हणून तुमचं एकमत झालं. कायम करायचं तर तसं लिहून कायम करा. ग्रंथपालाला बाहेर बसवून एकमत झालं, असं लिहा."

"आवाज खाली घ्या."

"इतकी वर्षं खालीच होता."

नीलिमा मॅडम मोबाइलमध्ये बघत होत्या. त्यांच्याकडून एक शब्द यावा असं मला वाटत होतं. अगदी शेवटपर्यंत वाटत होतं. आला नाही.

"सभा तहकूब," प्राचार्य म्हणाले. सगळे उठले. जाताना कुणी माझ्याशी बोललं नाही, कुणाचा धक्काही लागला नाही. इतकं अंतर राखून गेले. गोल खुर्च्यांत मी एकटी बसून होते. मग दार ढकलून मुली आत आल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी खुर्च्या ओढल्या, आपापल्या टेबलांना लावल्या आणि पुस्तकं उघडली. सुवर्णा खिडकीशी जाऊन बसली.

मी सुटले असं समजू नका. कारणे दाखवा नोटीस आली आहे. शिस्तभंग, सभेत अडथळा, असभ्य वर्तन. माझी हरकत कुठेच लिहिलेली नाही. "अपरिहार्य कारणाने सभा तहकूब" एवढंच आहे. डबा खायला मी स्टाफरूममध्ये गेले की गप्पा थांबतात. परवा एक माणूस टेप घेऊन आला आणि वाचनकक्षाच्या भिंती मोजून गेला. मुली वाचत होत्या, त्यांच्या डोक्यांवरून टेप धरत होता. आणि पुढची सभा ग्रंथालयात ठेवलेली नाही. वरच्या मजल्यावर, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. माझ्यामुळे जागा बदलली. म्हणजे मी दिसू लागले आहे.

नोटीस आली त्या दिवशी मी गोविंदमामांना हाक मारली. "मामा, तो बाहेरचा बाक आत घ्यायचाय."

मामांनी कारण विचारलं नाही. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. सागवानी बाक, भलता जड. सुवर्णा आणि तिची मैत्रीण धावत आल्या आणि मधून त्यांनी हात लावला. दारात अडकला, आडवा करून घेतला. खिडकीखाली मांडला. आता तिथे चौघीजणी जास्त बसतात.

"मॅडम, मग बॅगा खय... कुठं ठेवाच्या?" मामांनी विचारलं.

"खाली. वऱ्हांड्यात, जमिनीवर."

"खराब व्हतील."

"होऊ देत. बॅगांचा अपमान होत नाही, मामा."

ते हसले नाहीत. फडकं आणून त्यांनी बाकावरची धूळ पुसली. नीट पुसली, चारी पायांपर्यंत.

सभा शनिवारी आहे. मला बोलावणं नाही. बोलावल्याशिवाय मी ती पायरी चढणार आहे. इतिवृत्त पुन्हा वाचलं जाईल, पुन्हा विचारलं जाईल, "काही हरकत?" तेव्हा मी तिथे असेन. खुर्ची नसली तर उभी राहीन. आणि हरकत माझ्या नावाने लिहून घेतल्याशिवाय खाली उतरणार नाही.