दमयंती भाटकर तबल्याला बसली

दापोलीच्या एसटीत दमयंती भाटकर कंडक्टर असली की गाडीत कोणी उगाच दांडगाई करत नसे. आवाज खणखणीत, हिशोब तोंडावर, आणि "पुढे सरका" हे तिला दुसऱ्यांदा म्हणावं लागल्याचं कोणाला आठवत नाही. वीस वर्षं तिने रत्नागिरी आगारात अशीच काढली. एकोणपन्नासाव्या वर्षी ती तबला शिकायला लागली.

त्याचं असं झालं. नम्रता सुर्वे नावाची एक तरुण मुलगी आठवड्यातून दोनदा दापोलीला तबला शिकवायला जायची. एकदा गाडी खच्चून भरलेली, आणि हिच्या दोन्ही खांद्यांना तबल्याच्या पिशव्या. दमयंतीने त्या आपल्या सीटवर ठेवून घेतल्या आणि स्वतः उभी राहिली. वाटेत एका खड्ड्यात गाडी आदळली, पिशवी उघडली, तबला कलंडला. तिने तो सावरला तेव्हा बोट मधल्या काळ्या शाईवर पडलं आणि असा काही नाद उमटला की ती पुढच्या थांब्याचं नाव पुकारायला विसरली.

उतरताना तिने नम्रताला विचारलं, "मोठ्या माणसांना शिकवता का तुम्ही?"

"शिकायची तयारी असली तर कोणालाही शिकवते. कोणाला शिकायचंय?"

"मला."

घरी नवऱ्याला, हरिश्चंद्रला, सांगितलं. तो बोटीवरची नोकरी संपवून नुकताच घरी बसला होता. "काय गो, ह्या वयात तबला बडवणार तू?"

"बडवायला तुम्ही आहात की. तबला मी वाजवणार," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

नम्रताने पहिला महिनाभर तिला तबल्याला हात लावू दिला नाही. हातावर टाळी देत नुसते बोल म्हणायचे. धा धिं धिं धा. दमयंतीची लय पहिल्यापासून पक्की. नम्रताने कितीही गप्पा मारून मोडायचा प्रयत्न केला तरी ढळायची नाही. अडलं ते पुढे. तीनतालाच्या सोळा मात्रांत तिसरा भाग खालीचा, तिथे टाळी द्यायची नाही, हात उघडा करायचा. आणि डाव्या हाताच्या डग्ग्याचा घुमारा तिथे थांबवायचा. दमयंतीचा डग्गा मात्र सगळीकडे सारखाच घुमायचा.

"ताई, खालीला डग्ग्याने गप्प बसायचं."

"गप्प बसायचं तर मॅडम, मी तिथे वाजवते कशाला?"

"गाणाऱ्याला कळायला, की आपण कुठवर आलो."

हे तिला पटलं. पटल्यावर तिला वेळ लागला नाही. दापोलीला गाडी थांबली की ती विश्रांतीच्या खोलीतल्या बाकावर बोटं चालवायची. पहिल्यांदा ड्रायव्हर लोक हसले, मग तेच विचारू लागले, "बाई, आज कुठला ताल?" तीन वर्षांत तिने दोन परीक्षा दिल्या. शाळेतल्या पोरांच्या रांगेत खाकी गणवेशातच बसली, कारण तिथून थेट ड्युटीवर जायचं होतं. दोन्हीत पहिला वर्ग.

गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम होता. मृणाली ही सतरा वर्षांची मुलगी गाणार, साथीला नम्रता. सकाळी नम्रताचं मनगट सुजलं.

"ताई, बसाल?"

"बसते."

मृणालीचं तोंड उतरलं. "त्यांनी कधी साथ केलीय का?"

"आज करणार आहे," दमयंती म्हणाली. "तू निवांत गा. मी आहे."

मृणाली छान गायली. रंगली, आणि रंगण्याच्या भरात घाई झाली. एक लांब तान घेऊन तिने बंदिशीची ओळ उचलली ती आठ मात्रा आधी; समेचा, म्हणजे पहिल्या मात्रेवर यायचा, शब्द पडला नेमका खालीवर. लोकांना कळलं नाही. नम्रता तेवढी ताठ बसली.

पोरीला सांभाळून घ्यायला तिथेच सम दाखवता आली असती. दमयंतीच्या मनात तेही येऊन गेलं. पण मग आपण कुठे चुकलो ते या मुलीला कळणारच नाही, असं वाटून तिने लय केसभरही हलवली नाही. डग्गा दाबून धरला. नुसत्या तबल्याचा कोरडा आवाज तेवढा राहिला, आणि तिने मृणालीकडे सरळ पाहिलं.

मृणालीने ऐकलं. एक स्वर धरून ती थांबली. डग्गा पुन्हा घुमला, आवर्तन संपून नवं सुरू झालं, त्याच्या मध्यावर तिने ओळ पुन्हा उचलली, आणि या वेळी दोघी एकदम समेवर आल्या. आता मात्र सभागृहाला काहीतरी कळलं. टाळ्या पडल्या. हरिश्चंद्र मागच्या रांगेत उभाच राहिला होता.

आत आल्यावर मृणाली म्हणाली, "तुम्ही मला सोडून दिलं असतंत तर?"

"सोडून? गाडी तुझीच चुकत होती, बाय. मी थांब्यावरच होते."

मृणाली हसली, मग जरा लाजत म्हणाली, "माझ्या रियाजाला याल? दर गुरुवारी?"

दमयंतीने आगारात अर्ज देऊन साप्ताहिक सुट्टी गुरुवारची करून घेतली. पहिल्या गुरुवारी मृणालीने मोबाइलवर तंबोरा लावला. "ताई, झपताल चालेल?"

"दहा मात्रांचा. बसलाय हातात," दमयंती म्हणाली, आणि हातोडीने तबला सुरात घ्यायला लागली.