बारा दिवसांची हजेरी

माझं काम लोकांना आवडत नाही, आणि त्यात लोकांची काही चूक नाही. नळ-तोट्या बनवणाऱ्या एका कंपनीत मी अंतर्गत लेखापरीक्षण करते. म्हणजे ज्यांच्याबरोबर दुपारी डबा खायचा, त्यांच्याच कागदांत दुपारनंतर खोट काढायची. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. त्यामुळे दरवर्षी मोठ्या साहेबांना सही करून द्यावी लागते, की आमच्याकडून पैसा जिथून जिथून बाहेर जातो तिथे तिथे पहारा आहे. पगार हे त्यातलं सगळ्यात मोठं दार, आणि त्याचे कडी-कोयंडे हलवून बघणं माझ्याकडे.

वडील विमा कंपनीत होते. बदली होऊन जयपूरला आले, टिळक नगरात घर घेतलं आणि राहिले. आई साताऱ्याकडची. जन्म इथे काढला तरी तिची मराठी साताऱ्याचीच राहिली, माझी मात्र भेसळीची झाली. "सारखं मतलब मतलब काय करतेस? म्हणजे म्हणायला तोंड दुखतं का?" हे मी शाळेत असताना ऐकलं आणि पन्नाशी उलटल्यावरही ऐकलं. आता म्हणणारं कोणी नाही.

ही गोष्ट जयपुरातल्याच आमच्या झोटवाड्याच्या कारखान्यातली. तिथे फाटकाजवळ पत्र्याच्या छपराची एक खोली आहे, तिला सगळे टाइम ऑफिस म्हणतात. कामगारांची हजेरी तिथे लागते आणि त्या हजेरीवरून पगार निघतो. त्या खोलीत एक गृहस्थ तीस वर्षं बसत होते. कागदोपत्री सहायक कारकून, पण अख्खा कारखाना त्यांना मुनीमजी म्हणायचा. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. घरी एक मुलगा, त्याचा विषय बोलण्यात सारखा यायचा. टेबलावर खडीसाखरेचा डबा असायचा. कोणीही आलं की आधी खडीसाखर, मग काम. मला गोड चालत नाही असं मी पहिल्या भेटीत सांगितलं, तर पुढच्या वेळी त्यांनी माझ्यासाठी भाजलेली बडीशेप आणून ठेवली होती.

हजेरी आता अंगठ्याच्या यंत्रावर लागते. पण वर्षानुवर्षं पितळ घासणाऱ्या माणसाचा अंगठा यंत्र कधी घेतं, कधी घेत नाही. नाही घेतला की मुनीमजी संगणकात हाताने नोंद करायचे. कारखान्याच्या दृष्टीने ती सोय होती. माझ्या दृष्टीने ते भगदाड होतं, कारण नोंद करणारा आणि तिला मंजुरी देणारा माणूस एकच. पगाराच्या कामात आम्हाला पहिला धडा हाच मिळतो, की एकाने लिहावं आणि दुसऱ्याने तपासावं. माणूस देवासारखा असला तरी त्याने स्वतःच्या लिखाणावर स्वतः सही करू नये.

त्या वर्षी मी हाताने केलेल्या सगळ्या नोंदी एका तक्त्यात घेतल्या आणि फाटकावरच्या पहारेकऱ्यांच्या वहीशी ताडून पाहिल्या. काही माणसं अशी निघाली की पगारात हजर, पण फाटकातून आत आलेलीच नाहीत. एखाददुसरा दिवस नव्हे. मधले रविवार धरून मोजले तर प्रत्येक वेळी बरोबर बारा दिवस. सापडलं, असं वाटून मी खुर्चीतून उठले आणि गटागटा पाणी प्यायले. तेव्हा झालेला आनंद मला नीट आठवतो आणि त्याची लाज वाटते.

बारा. वडील गेले तेव्हा आम्ही घरात बारा दिवस पाळले होते, तेराव्याचं जेवण घातलं होतं. तरी मला तो आकडा ओळखता आला नाही. मला वाटलं, ही टोळी आहे आणि तिचा काही ठरलेला हिशोब आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी तक्ता घेऊन मी टाइम ऑफिसात गेले. मुनीमजींनी चष्मा लावला, एकेका नावावर बोट ठेवत यादी वाचली आणि म्हणाले, "इनके पिताजी शांत हुए थे. इनकी माँ. ये बेचारा तो जवान भाई को लेकर बैठा था." घाबरल्याची कसलीही खूण नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. ज्याच्या घरी माणूस गेलं तो बारा दिवस घरी बसणार, ही इथली रीत. कारखान्यात दुःखासाठी वेगळी रजा नव्हती. म्हणजे ऐन खर्चाच्या वेळी निम्मा पगार जायचा. म्हणून रोज एक सोबती आपली पाळी संपली की त्याच्या यंत्रावर दुसरी पाळी करायचा आणि स्वतःच्या नावावर काही लावायचा नाही. माल तेवढाच निघायचा. मुनीमजी घरी बसलेल्या माणसाच्या नावापुढे हजेरी लावायचे. याला ते 'बारी देना' म्हणत. मुनीमजी नोकरीला लागले त्याच्याही आधीपासून हे चालत आलेलं होतं.

"कंपनी का एक पैसा नहीं गया, मैडमजी," ते म्हणाले आणि त्यांनी खण उघडून लाल कापडाच्या बांधणीची एक वही माझ्यापुढे ठेवली. पहिल्या पानावर श्री. पुढे प्रत्येक मृत्यूला एक पान. कोणाचं कोण गेलं, कोणत्या दिवशी कोणी बारी दिली, किती नग काढले. खाली बारी देणाऱ्याची सही, नाहीतर अंगठा. इतकी स्वच्छ नोंद मी आमच्या मुख्य कार्यालयातही पाहिली नव्हती.

"इतने साल ऑडिट आया, किसी ने पूछा ही नहीं," ते म्हणाले. "आपने पूछा, अच्छा लगा."

वही त्यांनी आपणहून दिली. मी मागितली नव्हती. मी विचारते आहे म्हणजे मला समजून घ्यायचं आहे, असं त्यांना वाटलं असणार. मी वही पर्समध्ये घातली, पोच लिहून दिली, बडीशेप तोंडात टाकली आणि निघाले.

नियमाने पाहिलं तर मी चूक नव्हते, हे आजही म्हणेन. सोळा तास यंत्रावर उभ्या राहिलेल्या माणसाचं बोट गेलं असतं, तर कागदावर तो कारखान्यात नव्हताच. त्याला भरपाई कोणी दिली असती? हे मी अहवालात लिहिलं. एकच माणूस लिहितो आणि तोच मंजूर करतो, हेही लिहिलं. वहीच्या पानांचे फोटो पुरावा म्हणून जोडले. आणि शेवटी एक वाक्य लिहिलं, की या प्रकारात कंपनीचं आर्थिक नुकसान झाल्याचं किंवा संबंधित कर्मचाऱ्याने स्वतःचा फायदा करून घेतल्याचं आढळलं नाही.

माझे साहेब अहवाल वाचताना त्या वाक्यापाशी थांबले. "ये लाइन क्यों?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खरं आहे म्हणून. ते म्हणाले, "आपसे राय किसने माँगी है? नुकसान नहीं हुआ, ये साबित करना हमारा काम नहीं. कल कुछ और निकल आया तो?" साहेब वाईट नव्हते. वर्षअखेर जवळ आली होती, सह्या व्हायच्या होत्या, आणि लेखापरीक्षण समितीपुढे आपण कडक दिसावं असं त्यांना वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. मी वाद घातला नाही. त्यांच्यासमोरच ते वाक्य निवडलं आणि पुसलं. अहवाल एका ओळीने आखूड झाला.

त्यानंतर जे झालं ते भराभर झालं. समितीच्या कागदावर 'बनावट हजेरी' असा शब्द आला. तो माझा नव्हता, पण माझ्या अहवालात त्याला अडवणारं काही उरलं नव्हतं. मुनीमजींकडून राजीनामा लिहून घेतला. त्यांची ग्रॅच्युइटी चौकशीच्या नावाखाली अडकून पडली. ज्यांच्या घरी माणसं गेली होती त्यांच्या पगारातून त्या बारा-बारा दिवसांची वसुली झाली, आणि वसुलीचा तक्ता मीच करून दिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोर नव्हताच.

घरी आईला सांगितलं, अर्धवटच. ती मेथी निवडत होती.

"मग तू त्याला चोर म्हटलंस?"

"नाही गं. नियंत्रण कमकुवत आहे, असं म्हटलं. मतलब, पद्धत चुकीची आहे, माणूस नाही."

"ते त्याला कळलं का?"

मीही मेथीची एक काडी निवडायला घेतली. मतलबवरून ती त्या दिवशी मला बोलली नाही. जुडी संपेपर्यंत तिने मान वर केली नाही आणि मग म्हणाली, "जाऊन भेटून ये एकदा." मी हो म्हटलं. गेले नाही. झोटवाडा काही विलायतेत नाही. आठवड्यातून एकदा मी कारखान्यात जातच होते, आणि मुनीमजींचं घर तिथून दोन चौक पुढे होतं. पण माणसाला तोंड चुकवायचंच असलं की दोन चौकही पुरतात.

टाइम ऑफिसात आता दोन तरुण मुलं बसतात. एक लिहितो, दुसरा तपासतो. खडीसाखरेचा डबा नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी तिथे गेले होते तेव्हा पितळ घासायच्या यंत्रावर एक कामगार दिसला, डोकं नुकतंच भादरलेलं. वडील जाऊन त्याला चार दिवस झाले होते. सोबत्यांनी वर्गणी काढली होती, तरी तो आला होता. यंत्र बंद न करता त्याने मला नमस्कार केला. त्या वर्षी आमच्या पगार खात्यावर एकही शेरा नव्हता. बाहेरच्या लेखापरीक्षकांनी आमचं कौतुक केलं.

आणि मग आई गेली. फार आजारी नव्हती. सकाळी चहा मागितला, आणि मी तो घेऊन येईपर्यंत नव्हती. आमच्यात तिसऱ्या दिवशी बैठक नसते. पण इतकी वर्षं जयपुरात काढल्यावर शेजारीपाजारी वाट बघतात, म्हणून वर्तमानपत्रात तीये की बैठकची सूचना दिली, पांढऱ्या चादरी अंथरल्या, लोक आले, हात जोडून गेले. रजेसाठी मी फोनवर एक बटण दाबलं होतं. कारण: मातृशोक. दिवस: बारा. पाच मिनिटांत मंजूर. भरपगारी. अधिकाऱ्यांच्या नियमात ती सोय पहिल्यापासून होती, फक्त मी तो नियम त्या दिवसापर्यंत कधी वाचला नव्हता. फोन हातात धरून मी खूप रडले, आणि ते सगळं रडणं आईसाठी नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी मुनीमजी आले. वर्तमानपत्रात वाचलं म्हणाले, बैठकीला यायला जमलं नाही, ताप होता. झोटवाड्याहून दोन बस बदलून आले होते. वाळले होते. सदरा मात्र कडक इस्त्रीचा. आईच्या फोटोपुढे हात जोडून उभे राहिले, मग जमिनीवर बसले. मी खुर्ची पुढे केली तर नको म्हणाले.

"छुट्टी मिल गई?"

"हाँ."

"पूरे बारह दिन?"

"पूरे."

"अच्छा हुआ," ते म्हणाले. "माँ के लिए बैठना चाहिए."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि दोन वर्षं अडकून राहिलेलं बोलून टाकलं. म्हटलं, मी अहवालात एक वाक्य लिहिलं होतं, की कंपनीचं नुकसान झालं नाही आणि तुम्ही स्वतःसाठी काही घेतलं नाही. साहेबांनी विचारलं, हे कशाला, आणि मी ते पुसलं. त्यांनी जबरदस्ती केली नाही. मी पुसलं.

आपण किती चुकलो हे सांगून मोकळं व्हायचं मी ठरवलं होतं, पण मोकळं काही वाटेना.

"कंपनी की मोहर थी उस पर?" त्यांनी विचारलं.

"हाँ, लग जाती. आपका नाम भी होता, पद भी."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"तो रहने देतीं, मैडमजी," ते म्हणाले. "बेटे को दिखा देता."

मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले. दुःखाच्या घरून निघताना येतो म्हणायचं नसतं, तसे ते काही न बोलता पायऱ्या उतरले. माझ्या रजेचे अजून सहा दिवस उरले होते.