कुसुमकाकूंच्या खोलीतली वायर

आधी पोटभर हसून घ्या, मग सांगते. अशी तोंडघशी मी उभ्या जन्मात पडले नव्हते!

इकडे परदेशात, मनुरेवा उपनगरात आमच्या शेजारी अमित आणि नेहा राहतात. अमितची आई, कुसुमकाकू, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. काय गोड बाई! मी गेले की हातातलं सोडून, लॅपटॉप मिटून माझ्याशी बोलणार.

तर एका शनिवारी अमित कुंपणालगत चर खणताना दिसला. चरात पाइप, पाइपात निळी वायर, आणि ती थेट मागच्या स्लीपआउटपर्यंत. म्हणजे अंगणातली ती सुटी खोली हो!

मी कपडे वाळत घालत होते. एकच टॉवेल चारदा झटकला, पण कान तिकडे!

नेहा म्हणाली, "आईंना एकदा इकडे हलवलं की सुटलो!"

ऐकलंत? ऐन थंडीत सासूला घराबाहेर!

"अमित, वायर कसली रे?" मी कुंपणावरून विचारलं.

"नेटची, मावशी. राउटर घरात, इकडे स्विच, म्हणजे वायरी जोडायची डबी. मग त्याला आईचा लॅपटॉप, कॅमेरा..."

कॅमेरा! म्हणजे म्हातारीला बाहेर टाकायचं आणि वर पाळत ठेवायची?

दुसऱ्या दिवशी दुपारी हातात खिचडीचा डबा, काखेत ब्लँकेट, पायात रबरी चपला, इथल्या जँडल्स, अशी निघाले आणि स्लीपआउटचं दार धाडकन ढकललं. कुसुमकाकू पेटी घेऊन बसलेल्या. समोर लॅपटॉप. नेहा भिंतीला वायर ठोकत होती.

"काकू, उठा! सुनेनं टाकलं तर काय झालं, मी आहे!"

नेहाच्या हातातली हातोडीच पडली.

"अगं, कुणी टाकलं?" काकू म्हणाल्या. "खोली मीच मागून घेतली. ऑनलाइन पेटी शिकवते ना मी. वायफाय इथवर पोचेना, म्हणून वायर."

"मग घरात काय वाईट होतं?"

काकू चुळबुळल्या. "घरात ना... क्लास सुरू झाला की कुणीतरी येऊन बसतं गं. मुलांचे धडे बुडतात."

"कोण ती? नाव सांगा, बघतेच तिच्याकडे!"

काकू पेटीकडे बघायला लागल्या, नेहा छताकडे.

तेवढ्यात लॅपटॉपमधून नागपूरची एक चिमुरडी म्हणाली, "बाई, रोज येतात त्या मावशी ह्याच ना?"

पडद्यावर आठ चेहरे, आठही माझ्याकडे बघतायत! आणि अमितनं वायर अशी झकास टाकलेली, की आवाज तुटला, ऐकू आलं नाही, असं म्हणायचीसुद्धा सोय राहिली नाही.