आजी तिसऱ्यांदा वारली

सिस्टर भोये यांची आजी तिसऱ्यांदा वारली, तेव्हा मेट्रन मॅडम स्वतः माझ्या केबिनमध्ये आल्या. मेट्रन म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुख. एरवी त्या फोनवरच रागावतात. उठून येतात तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

"माणसाला आज्या किती असतात हो?"

"दोन," मी म्हणालो. एचआर मॅनेजरला एवढं यायला हवं.

"पहिल्या वर्षी हिच्या आईची आई गेली. गेल्या वर्षी वडिलांची आई. आता ही कुठली?"

"चुलत असेल."

त्यांनी फोन उघडून माझ्यापुढे धरला. आधीच्या दोन्ही वेळी स्टाफच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' मीच टाकली होती, हात जोडलेल्या चित्रासकट.

सुनंदा भोये नाशिकमधल्या आमच्या खासगी हॉस्पिटलात आयसीयूची नर्स. गाव हरसूलच्या पलीकडे, आदिवासी भागात. तीन वर्षं तिने कंत्राटावर काढली होती आणि तिला पर्मनंट करायचं पत्र माझ्याच टेबलावर पडलं होतं. रजेचं कारण खोटं निघालं तर पर्मनंट राहिलं बाजूला, आहे ती नोकरीही जाते. नियमच तसा आहे.

रजेवरून ती परतल्यावर मी तिला बोलावलं. मेट्रन मॅडम शेजारी बसल्या.

"आजी कशा गेल्या?" मी जमेल तितक्या हळू आवाजात विचारलं.

"गेली नाही सर. घरी आहे."

"आणि दुसरी?"

"तीपण आहे. मामाकडे."

मग सगळं बाहेर आलं. तिच्या गावी बोहाडा असतो. बोहाडा म्हणजे मुखवट्यांचा उत्सव, देवादिकांची सोंगं नाचतात. कुठलं सोंग कुठल्या घराने घ्यायचं हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं. एक तिच्या वडिलांकडे. त्या दिवशी घरात पाहुणे मावत नाहीत आणि घरची मुलगी आली नाही तर गाव वर्षभर बापाला बोलतं.

"मग तसं सांगायचं ना, बाई," मेट्रन मॅडम म्हणाल्या.

"ॲपमध्ये नाही ना मॅडम. आजारपण आहे, लग्न आहे, मृत्यू आहे. सण निवडला की दिवाळी, ईद, नाताळ अशी यादी येते. त्यात बोहाडा नाही. 'इतर' टाकलं की लगेच नामंजूर."

रजेचं ॲप बाहेरच्या कंपनीचं. त्यातली कारणं आमच्या एचआर विभागाने भरली होती. विभागात तेव्हा मी आणि प्रिंटर होतो.

"पण म्हणून आजीला मारायचं?" मी विचारलं.

"तिला विचारूनच सर. ती म्हणाली, 'सांग म्हातारी मेली. माझं काय जातंय? तू आलीस म्हंजे झालं.' दुसऱ्या वर्षी दुसरीला विचारलं. एकीवरच सारखं नको."

मेट्रन मॅडमना जोराचा खोकला आला. तो बराच वेळ टिकला.

गंमत म्हणजे पुढच्याच आठवड्यात मी स्टाफला 'डायव्हर्सिटी अँड इन्क्लूजन'चं ट्रेनिंग देणार होतो. म्हणजे निरनिराळ्या समाजांतून आलेल्या माणसांना कामाची जागा आपली वाटावी म्हणून काय करायचं ते. स्लाइड्स तयार होत्या. प्रत्येक स्लाइडला वारली चित्रांची बॉर्डर होती.

घरी जेवताना मी हे सांगितलं. वाटलं, बायको हसेल. तिने वाटीत आमटी वाढली आणि विचारलं, "गौरी-गणपतीला तुम्ही चार दिवस घरी असता. तेव्हा कोण वारतं?"

मी दुसरी पोळी घेतली नाही. ॲपच्या यादीत गौरी-गणपती मीच घातले होते.

दुसऱ्या दिवशी मी आणि मेट्रन मॅडम डायरेक्टर सरांकडे गेलो. ते हाडाचे सर्जन. नको ते कापून टाकावं, हा त्यांचा स्वभाव.

"खोटं ते खोटं," ते म्हणाले. "पत्र थांबवा."

"सर, खरं सांगायला तिला जागाच नव्हती," मी म्हणालो. "यादीत एक ओळ वाढवू. 'गावचा सण'. वर्षातून एकदा, आधी कळवून."

"उद्या प्रत्येकाच्या गावची जत्रा निघेल."

"निघू द्या सर. त्या सगळ्या एका दिवशी नसतात. दिवाळी सगळ्यांची एकदम येते. ड्युटीला माणसं तेव्हाच मिळत नाहीत."

"तारीख काय या बोहाड्याची?"

"गाव बसून ठरवतं."

"मग रोस्टर कसं लावणार?" रोस्टर म्हणजे कोण कधी ड्युटीवर, त्याचा तक्ता. सरांनी पेन बंद केलं. आता संपलं, असं मला वाटलं.

तेव्हा मेट्रन मॅडम बोलल्या. तक्रार त्यांचीच होती, म्हणून मी त्यांच्याकडे बघणं टाळत होतो. "ईदचं तरी कुठे आधी कळतं सर? चंद्र दिसला की. ते दोन दिवस मी पेन्सिलने लिहिते. इतकी वर्षं आयसीयू बंद पडलं नाही. आणखी एक रेघ पेन्सिलने ओढीन." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि लक्ष्मीपूजनाला आयसीयूत कोण असतं, माहीत आहे? भोये. तिन्ही वर्षं. ती ड्युटी स्वतः मागून घेते."

सरांनी पेन पुन्हा उघडलं. "खोट्याबद्दल मेमो द्या," ते म्हणाले. "आणि पर्मनंटचंही द्या."

मी दोन्ही पत्रं एकाच पाकिटात घातली. सुनंदाने मेमो आधी वाचला, त्यामुळे दुसऱ्या पत्राकडे वळायला तिला वेळ लागला. मग ती खुर्चीत बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "सर, आजीला फोन करू का?"

"कोणत्या?"

"दोघींना."

पुढच्या आठवड्यात नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पापडांची पिशवी टेबलावर आली. 'मेलेलीने पाठवलेत म्हणून सांग,' असा निरोप होता. ट्रेनिंगमध्ये मी स्लाइड्स दाखवल्याच नाहीत, त्याऐवजी या आज्यांची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच कोणी झोपलं नाही.

नवीन रजा सगळ्यात आधी घेतली ती सरांच्या ड्रायव्हरने. दिंडोरीकडे त्याच्या गावची जत्रा होती. पुढे वर्षभरात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आमच्या स्टाफच्या आज्यांच्या मरणाचं प्रमाण एकदम खाली आलं होतं. यात आमच्या डॉक्टरांचा काहीही हात नव्हता.