सुनेची किक

आमच्या साताऱ्याकडच्या घरात दोन सिलिंडरची एक जुनी इंग्लिश मोटारसायकल आहे. माझे सासरे फौजेतून सुभेदार होऊन परतले तेव्हा त्यांनी ती घेतली, आणि मामंजींशिवाय ती कुणाच्याच पायानं कधी सुरू झाली नाही. इंजिनातलं कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेचा दाब, इतकं तगडं, की भलत्या वेळी पाय मारला तर किक उलटी येते आणि माणसाला उडवते. माझ्या धाकट्या दिरांनी एकदा उसाची मोळी फेकावी तसा पाय मारला आणि मग बरेच दिवस लंगडत फिरले.

गेल्या वर्षी मामंजींचा गुडघा बदलला. डॉक्टरांनी किक कायमची बंद केली. आमच्याकडे खंडेनवमीला गाडीची पूजा झाली की इंजिन सुरू करायचं असतं. मुक्या गाडीला हार घालणं मामंजींना पटत नाही. त्यांनी जाहीर केलं, "नवमीला घरातल्या कुणाच्या पायानं चालू झाली तर ठिवू. न्हाईतर पुण्याचं गिऱ्हाईक मागं लागलंय, त्याला दिऊन टाकतो." बोलले कडक, पण त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

दिरांनी तोडगा काढला. सिलिंडरखाली जाड पट्टी घालायची, म्हणजे कॉम्प्रेशन उतरतं आणि किक हलकी होते.

"मग शिलाई मशीनच आणा की," मामंजी म्हणाले. "घाट चढंल का ती?"

माझं माहेर कवठे महांकाळकडचं, कोरडवाहू. विहिरीवरचं डिझेल इंजिन हँडल मारून सुरू करणं हे लग्नाआधी माझं रोजचं काम होतं. आधी दाब कुठं येतो ते हाताला कळू द्यायचं, मगच जोर लावायचा. इकडच्या बागायती लोकांना पाट फोडला की पाणी. त्यांना इंजिनाची मिजास काय ठाऊक!

नवमीला झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, सगळं झालं. दिरांनी पुन्हा पुन्हा पाय मारला, गाडीनं दर वेळी झिडकारलं. मामंजी आत जायला उठले. मी पदर खोचला.

"आवं मामंजी, थांबा जरा. मी बघते."

"वैनी, पाय मोडंल!" दीर हसले.

किक हळूच दाबत नेली. एका जागी ती घट्ट झाली. तिथून अलगद जराशी पुढं ढकलली, दाब सुटल्याचं पायाला कळलं, किक परत वर घेतली आणि मग सगळं अंग टाकलं.

गाडी कडाडली! तिचे दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात आणि एकदमच खाली येतात, म्हणून ती उभ्या जागी थरथरते. हारातल्या पाकळ्या गळायला लागल्या, स्टँडवरची गाडी फरशीवर मागं सरकू लागली. मामंजींनी टाकीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही. मला स्वतःचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, लग्नात नाही की पोरं झाली तेव्हा नाही.

दसऱ्याला मामंजी याच गाडीवरून शिवेवर सोनं लुटायला जात. मी किक मारून दिली आणि उतरायला लागले.

"उतरू नगंस," ते म्हणाले. "म्होरं बस."

गाडी मला माहेरापासूनच चालवता येत होती. चौकात त्यांच्या फौजेतल्या जोडीदारानं हाक मारली, "सुभेदार, आज मागं व्हय रं?"

"जिनं चालू केली तिची गाडी," मामंजी माझ्या पाठीमागून ओरडले, "मी नुसता बसलोय."