समुद्रकाकांचा एक ठिपका

आमच्या समुद्रकाकांसमोर नुसतं "काय उकडतंय आज" म्हणायची सोय नव्हती. "मोजलंस?" हा प्रश्न आलाच. खिशातला थर्मामीटर ते माझ्या चहातसुद्धा बुडवायचे. मी वैतागायचे, ते आकडा सांगून मोकळे.

सर्वेक्षणाच्या बोटीवर समुद्राचं पाणी मोजण्यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्तीनंतर नाशकात, गंगापूर रोडला दोन खोल्यांत एकटेच राहत. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. मी तेव्हा सायबर कॅफे चालवायचे. काका अकराला यायचे ते संध्याकाळी उठवावं लागे. "घरी कोण आहे गं?" म्हणायचे.

एका संस्थेने समुद्राचा नकाशा इंटरनेटवर टाकला होता. जुन्या बोटींवरच्या नोंदी पाठवा, आम्ही जागच्या जागी दाखवू, असं आवाहन होतं. काकांनी वह्या काढल्या. ते आकडे वाचायचे, मी टाइप करायचे. महिनाभराने अरबी समुद्रात त्यांच्या बोटीची वाट ठिपक्याठिपक्यांनी उमटली. ठिपक्यावर क्लिक केलं की त्या दिवसाचं तापमान, खारटपणा आणि खाली काकांचं नाव. द्राक्षांच्या निर्यातीच्या मेल करायला आलेल्या पिंपळगावच्या बागायतदारांनाही ते बघावंच लागे.

एका ठिपक्यावर मात्र ते क्लिक करू देत नसत. एकदा मी मुद्दाम केलं.

"तो आकडा खोटा आहे," काका म्हणाले. "तू टाइप करत होतीस तेव्हाच सांगायला हवं होतं."

त्या सकाळी बोटीवर वायरलेसने निरोप आला होता, बायको गेल्याचा. बोट किनाऱ्याला लागायला अजून बारा दिवस होते. काका दिवसभर केबिनमध्ये पडून राहिले आणि संध्याकाळी आदल्या दिवसावरून अंदाजाने आकडा लिहून टाकला.

"संस्थेला कळव," म्हणाले. मी हात जोडले. "काका, कशाला? कुणाला कळणार आहे?" पण ऐकतील तर शपथ. पत्र गेलं. उत्तर मोठं सभ्य होतं: एक नोंद खोटी, तेव्हा बाकीच्यांचीही खात्री देता येत नाही. सगळी वाटच नकाशावरून काढली.

मला रडू आलं. संस्थेचा राग आला, काकांचा त्याहून जास्त. ते नुसत्या निळ्या पडद्याकडे बघत बसले होते.

"ती गेली त्या दिवशी मी पाणी मोजत होतो, असं लिहिलं होतं तिथे," ते म्हणाले. "मी रडत होतो गं."