समुद्राकडून दिसलेलं घर

आमच्या सायकलच्या ग्रुपमध्ये रोज एक जण ‘शेपूट’ असतो. सगळ्यांच्या मागे राहायचं, कुणी पंक्चर होऊन, दमून किंवा नुसतंच रुसून थांबलं तर त्याच्यासोबत थांबायचं आणि काही झालं तरी शेवटच्या माणसाच्या पुढे जायचं नाही, एवढंच शेपटाचं काम. ते कुणालाच नको असतं. पुढे गेलेल्यांना गरम चहा मिळतो आणि शेपूट पोहोचेपर्यंत टपरीवाला कप विसळून मोकळा झालेला असतो. तरीही गुजरातच्या हद्दीपासून गोव्याच्या हद्दीपर्यंत आम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने सायकली मारत गेलो, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून हे काम मी स्वतःहून मागून घेतलं. सगळ्यांना वाटलं, काय ही समजूतदार बाई. तसं काही नव्हतं. मला एका म्हाताऱ्या माणसाचं कुतूहल लागून राहिलं होतं आणि तो माणूस सगळ्यांत मागे असायचा.

मला चौकशा करायची खोड आहे. वसईतल्या एका दातांच्या दवाखान्यात मी पुढच्या टेबलावर बसते. “काय होतंय?” हे दिवसभर इतक्या वेळा विचारते की घरी दूधवाल्यालाही तेच विचारून बसते. विरारला मनवेलपाड्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे पाहुणा आला तर वॉचमनच्या आधी मला कळतं, असं माझा नवरा म्हणतो. तो स्वतः सायकल चालवत नाही. “तू जाऊन ये, मी तोवर कुकर लावायला शिकतो,” म्हणाला आणि शिकलाही. पहिल्या दिवशी शिट्टी लावायची तेवढी राहिली.

ते म्हातारे गृहस्थ म्हणजे वसईच्या पाचूबंदरचे एक ख्रिस्ती कोळी काका. साठी कधीच उलटलेली, सगळा जन्म मासेमारीत गेलेला. मुलगा विमानतळावर नोकरीला लागला, बोटीवर जायला माणसं मिळेनात, तेव्हा त्यांनी बोट विकली. घरी बसल्यावर साखर वाढली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर यांना चालण्याचा कंटाळा, म्हणून मुलाची धूळ खात पडलेली सायकल बाहेर काढली. आम्ही रविवारी सकाळी कळंबच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन येतो, तिथे ते आमच्यात मिसळले. पोरं त्यांना अंकल म्हणतात, मी काका म्हणते. कळंब-अर्नाळ्याच्या पलीकडे ते कधी आले नव्हते. उमेळ्याचा साधा पूल चढतानाही उतरून चालायचे. पण या मोठ्या राइडचं नाव निघालं तेव्हा पहिला हात त्यांचा वर गेला, आणि तेव्हापासूनच माझ्या डोक्यात किडा वळवळत होता की यांना एवढी कसली हौस आली.

गुजरातच्या हद्दीवरच्या झाईहून सकाळी निघालो आणि पहिला मुक्काम विरारला, म्हणजे ज्याच्या त्याच्या घरी केला. ही आयडिया कुणाची होती ते कुणी कबूल करत नाही. “सकाळी भेटू” म्हणून गेलेल्यांपैकी दोघे परत आलेच नाहीत. काका मात्र सगळ्यांच्या आधी हजर होते, डोक्याला टोपी, खांद्याला सुक्या बोंबलांची पिशवी. मुंबई ओलांडून भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये सायकली चढवल्या. लाँच सुटली आणि इतका वेळ हॅंडल धरून धापा टाकणारा माणूस पाय फाकवून असा निवांत उभा राहिला की आम्ही पोरं दांड्याला लोंबकळतोय आणि हे जणू ओट्यावर उभे आहेत. मला फार आवडलं ते.

अलिबागच्या पुढे त्यांचं थांबणं सुरू झालं. एखादं वळण आलं, समुद्र दिसला की काका उतरणार, सायकल आडवी टाकणार, कमरेवर हात ठेवून बघत राहणार, मान हलवणार आणि पुन्हा बसणार. दम लागला म्हणून थांबावं तर ते उतारावरही थांबत होते. शेपूट म्हणून मलाही थांबावं लागे. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा माझ्या तोंडून सवयीने निघालंच, “काका, काय होतंय?”

“ह्यो डोंगर मला वलखू येत नाय,” ते म्हणाले. “चालीस वर्सं बघतोय ह्यो किनारा. पन पान्यातून. हितं जमिनीवर पाय कंदी ठेवलाच नाय ना. इकडून सगला उलटा हाय.”

मला हे कधी सुचलंच नव्हतं. पापलेटच्या मागे पार रत्नागिरीपर्यंत जाणारा माणूस, पण उतरायचा तो वसईलाच. मधलं सगळं कोकण त्याने फक्त समोरून पाहिलेलं. देवळं म्हणजे पांढरे ठिपके, किल्ले म्हणजे काळ्या रेघा, गावं म्हणजे माडांची एक लांबलचक किनार. जन्मभर समोरच्या बिल्डिंगमधली बाई खिडकीत बघावी आणि एक दिवस तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसावं, तसं त्यांचं चाललं होतं. एका देवळाच्या अंगणात ते बूट काढून गेले, मान वर करून कळस बघितला आणि मला खुणेनं जवळ बोलावलं. “ह्यो दिसला का आम्ही आत वलायचो,” म्हणाले. मग मागच्या बाजूला जाऊन विहीर, नारळाचा ढीग, पुजाऱ्याचे वाळत घातलेले कपडे, सगळं नीट बघून आले. मीही त्यांच्यामागून सगळं बघितलं. आमचा लीडर फोनवर ओरडत होता, ते मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पण हेही खरं कारण नाही, हे मला कळत होतं. नुसतं डोंगर ओळखायला कुणी मांडीला फोड येईपर्यंत सायकल चालवत नाही. मी दोन दिवस गोड बोलून, माझ्या डब्यातले बिनसाखरेचे लाडू खिलवून विचारत राहिले. शेवटी दाभोळच्या फेरीबोटीवर, पायांखाली पाणी आल्यावर ते बोलले.

रत्नागिरी जिल्ह्यात एक दीपगृह आहे. उन्हाळा तोंडावर आला की वारा उठायचा, तेव्हा यांच्या बोटी तिथल्या डोंगराच्या आडोशाला नांगर टाकून रात्र काढत. कितीतरी वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांना दीपगृहाच्या डावीकडे, डोंगरावरच्या एकुलत्या एका घराच्या अंगणात कुणीतरी लाल कापड हलवताना दिसलं. आधी वाटलं, मदतीला बोलावतंय कुणी. यांनी भोंगा वाजवला. कापड पुन्हा हललं. बराच वेळ हलत राहिलं. पुढच्या खेपेलाही तसंच. मग ती रीतच पडली. बोटीवरची माणसं बदलली, इंजिन बदललं, मुलगा बोटीवर आला आणि सोडून गेला, पण त्या डोंगराखाली सकाळ झाली की काका भोंगा वाजवणार आणि वर कापड हलणार. एकदा इंजिन बंद पडून दोन दिवस तिथेच अडकून पडले होते, पाणीही संपत आलेलं. दुसऱ्या सकाळी ते कापड बघून रडलो, असं त्यांनी मला सरळ सांगितलं.

“मनात आला, कोनतरी हाय आपला,” ते म्हणाले.

“आणि आता तिथे जायचंय तुम्हाला?”

“जायाला नको? बोट इकली मी. ह्या तिला कोन सांगनार? बघत बसली असल तं?”

“ती बाईच आहे हे कशावरून?”

“बाप्या मानूस एवढा येल हात हलवत नाय,” काका म्हणाले.

घरी त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. काकूंना कळलं असतं तर त्यांनी सायकल भंगारात दिली असती. मुलगा हसला असता. म्हणून ही राइड. मला हसू आलं, पण मी हसले नाही. त्या क्षणापासून ते घर सापडणं ही माझीच गरज होऊन बसली. मला माझ्या कामात माणसाचं अर्धंच कळतं. दुखणं काय ते विचारायचं आणि आत पाठवून द्यायचं, पुढे काय झालं ते डॉक्टरांनाच माहीत. या वेळी मला पुढचं बघायचं होतं.

दीपगृहाच्या फाट्यावर लीडरला कळवून टाकलं की काकांच्या पायात गोळा आलाय, तुम्ही व्हा पुढे. फाट्यावरून आत गेलो, दीपगृह आलं, समोर समुद्र. काकांनी सांगितलं तसे डावीकडे वळलो. रस्ता संपला, पायवाट संपली. एक बंद पडलेलं रिसॉर्ट, त्याची पडकी भिंत, पुढे नुसता कडा. घराचं नावनिशाण नाही. एक गुराखी भेटला, तो म्हणाला, इथे घर कधीच नव्हतं. काका भिंतीला टेकून खाली बसले.

“पाडला असल,” म्हणाले. “नायतर गेली असल ती.”

त्यांचा चेहरा बघवेना. मला तर चीड येत होती, गुराख्याची, रिसॉर्टवाल्याची, त्या दीपगृहाचीसुद्धा. एवढं येऊन असं कसं नसेल? मी मनात दवाखान्यातल्यासारखं सुरुवातीपासून विचारत गेले. कुठे? डावीकडे. कुणाच्या डावीकडे? आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोज माझ्यासमोर पेशंट बसतो आणि गालावर बोट ठेवतो, ती त्याची डावी दाढ असते पण माझ्या बाजूने उजवीकडे दिसते. नवी होते तेव्हा मी कितीतरी केसपेपरांवर उलटं लिहून ओरडा खाल्लाय.

“काका, उठा,” मी म्हटलं. “पाण्यात चला.”

दीपगृहाखाली थोडीशी वाळू होती. काका बुटांसकट गुडघाभर पाण्यात गेले आणि समुद्राकडे पाठ करून उभे राहिले. हळूहळू डोंगर बघत गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मान हलवली नाही. हात वर गेला आणि बोट एका जागी थांबलं. आम्ही गेलो होतो त्याच्या बरोबर उलट्या बाजूला, काजूच्या झाडांत, कौलाचं एक टोक दिसत होतं.

चढ एवढा की सायकली ढकलत न्याव्या लागल्या. काका एकदाही थांबले नाहीत, धापा मीच टाकत होते. अंगणात माझ्याच वयाची एक बाई सुपात काजूच्या बिया निवडत बसली होती. दोन घामाघूम, हेल्मेटवाली अनोळखी माणसं बघून ती आधी बिचकली, मग पाण्याचा तांब्या आणि गूळ घेऊन आली. खळ्याच्या कडेला एक लांब बांबू होता आणि त्याला लाल कापड बांधलेलं होतं. जुन्या लुगड्याचं. काका त्याच्याकडे बघत राहिले. म्हणून मग मीच विचारलं, हे कशासाठी.

“वांदरांसाठी हो,” ती हसत म्हणाली. “काजू नाही, फणस नाही, काही ठेवत नाहीत. सकाळ झाली की आलीच. मग अंगणात जो असेल तो काठी हलवतो. आधी सासूबाई हलवायच्या, त्या गेल्यापासून मी.”

“समुद्रातून बोटी भोंगा देतात, तो ऐकू येतो?”

“भोंगे वाजतच असतात की. बोटी कोण बघतंय? आम्ही वांदरं बघायची का बोटी?”

मला काकांकडे बघायचा धीर होईना. त्या बाईचा खरं तर रागच आला मला. मग वाटलं, राग माझ्यावर यायला हवा, डावं-उजवं कळलं नसतं तर बरं झालं असतं. निदान त्यांची बाई तरी राहिली असती.

काका उठले. हेल्मेट काढलं, मग आतली टोपीही काढली आणि देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये उभे राहतात तसे हात पुढे धरून तिच्यासमोर उभे राहिले.

“मी वसईचा,” ते म्हणाले. “पाचूबंदरचा. निली बोट, वर सफेद पट्टा. ह्या डोंगराखाली नांगर टाकायचो आम्ही. ती बोट आता इकली. मी आता यायचो नाय. म्हनून सांगाया आलो.”

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. तिने बांबूवरच्या कापडाकडे बघितलं, पुन्हा काकांकडे, आणि तिचं हसू हळूच मावळलं. सूप बाजूला ठेवून ती उठली, हात पुसून पदर सारखा केला.

“बरं केलंत, सांगितलंत ते,” ती म्हणाली. “नाहीतर आम्ही वाट बघत बसलो असतो.”

काकांनी तांब्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

“त्येच म्हनतो मी,” म्हणाले.